शिक्षकाची स्वतःची वही

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



प्राथमिक शाळेतला शिक्षक दिवसभरात किती लिहितो, याची कल्पना शाळेबाहेरच्या माणसाला येत नाही. हजेरीपट, शालेय पोषण आहाराची नोंदवही, दैनिक टाचण, घटक नियोजन, यू-डायसची माहिती, शिष्यवृत्तीचे प्रस्ताव, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, आणि निवडणुका आल्या की मतदार याद्या. यातला प्रत्येक कागद कुणीतरी मागितलेला असतो आणि तो वर जातो. केंद्रावर जातो, तालुक्याला जातो, जिल्ह्याला जातो. आज माझ्या वर्गात नेमके काय घडले, आणि ते तसे का घडले असेल, हे मात्र यातल्या कुठल्याच कागदावर नसते. ते कुणी विचारत नाही, म्हणून कुणी लिहीत नाही. मला आज बोलायचे आहे ते या न लिहिल्या जाणाऱ्या कागदाबद्दल.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या बाई असा कागद लिहीत असत. शनिवारची सकाळची शाळा सुटली की वर्गातच बसून त्या आठवड्याचे लिहून काढत आणि सोमवारी ती वही शेजारच्या वर्गाच्या गुरुजींकडे देत. गुरुजी समासात पेन्सिलीने एखादा प्रश्न लिहून ती परत करत. इथे बसलेल्यांपैकी काहींनी त्या वह्या पाहिल्या आहेत. बाईंचे गुणगान करायला मी उभा नाही, त्यांनाच ते आवडले नसते. पण स्वतःच्या वर्गाबद्दल लिहायचे आणि ते बरोबरीच्या माणसाला वाचायला द्यायचे, ही जोडी त्यांनी जपली. शिक्षकाच्या स्वतःच्या शिक्षणाचे मर्म या जोडीत आहे, असे माझे ठाम मत आहे. नुसते लिहून ते पूर्ण होत नाही आणि नुसत्या चर्चेनेही होत नाही.

एक उदाहरण घेऊ. तिसरीचा वर्ग आहे. फळ्यावर गणित आहे, ४२ वजा १७. एक मुलगी पाटीवर उत्तर लिहिते, ३५. त्या वर्गाच्या बाईंच्या मूल्यमापनाच्या वहीत त्या दिवशी काय नोंद होईल? ‘हातच्याची वजाबाकी कच्ची. अधिक सराव आवश्यक.’ नोंद खोटी नाही. पण तिच्यावरून उद्या काय करायचे ते कळत नाही.

आता समजा, याच बाईंनी संध्याकाळी पाच ओळी जास्त लिहिल्या. मुलीने हे उत्तर काढले कसे? एककाच्या घरात वर २ आणि खाली ७. तिने ७ मधून २ वजा केले, राहिले ५. दशकाच्या घरात ४ मधून १ गेला, राहिले ३. म्हणून ३५. हे लिहिता लिहिता बाईंच्या लक्षात येते की मुलगी गोंधळलेली नाही. ती एक नियम काटेकोरपणे पाळते आहे. मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, मग तो वर असो की खाली. हा नियम तिला कुठून मिळाला? आपल्याकडूनच. पहिलीपासून ‘लहानातून मोठे जात नाही’ हे वाक्य तिने शेकडो वेळा ऐकले आहे. बाई वहीत लिहितात, ‘उद्या तिलाच विचारायचे.’

दुसऱ्या दिवशीची नोंद अशी असू शकते: ‘विचारले. म्हणाली, दोनातून सात जात नाहीत ना बाई, म्हणून सातातून दोन काढले. काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे दिले आणि दोन सुट्या काड्या. म्हटले, मला सतरा दे. एक गठ्ठा लगेच दिला. मग सुट्या दोन काड्यांकडे बघत राहिली. मी गप्प बसले. थोड्या वेळाने म्हणाली, बाई, गठ्ठा सोडू का?’

पहिल्या नोंदीवरून सरावाची वीस गणिते निघाली असती आणि त्या मुलीने ती वीसच्या वीस त्याच नियमाने चुकवली असती. दुसऱ्या नोंदीतून गठ्ठा सुटला. पण माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे ती याच्या पुढची ओळ. बाई लिहितात, ‘लहानातून मोठे जात नाही, हे आपण पहिलीत म्हणतो ते थांबवावे का? मग त्याऐवजी काय म्हणावे?’ इथे नोंद मुलीपासून निघून बाईंच्या स्वतःच्या शिकवण्यापर्यंत पोचली. हा प्रश्न एकटीने सुटणारा नाही. तो पहिलीच्या वर्गाच्या बाईंपर्यंत जायला हवा, त्यांनी त्यावर काही म्हणायला हवे. वाचणारा लागतो तो इथे.

शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत याला चिंतनशील अध्यापन म्हणतात. जॉन ड्युई यांनी १९१० मध्ये ‘हाऊ वी थिंक’ लिहिले. विचाराची सुरुवात अडखळण्यापासून होते, सवयीचा रस्ता जिथे बंद होतो तिथून होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. डोनाल्ड शॉन यांचे ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ १९८३ चे. वास्तुविशारद, अभियंते, मानसोपचारतज्ज्ञ, नगररचनाकार प्रत्यक्ष काम करताना विचार कसा करतात, याचा त्यांनी अभ्यास केला. हात काम करत असतानाच होणारा विचार आणि काम संपल्यावर मागे वळून केलेला विचार, असा फरक त्यांनी दाखवला. आपल्या शिक्षक प्रशिक्षणात ही दोन्ही नावे दर वर्षी परीक्षेपुरती पाठ केली जातात. बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, छात्रसेवाकाल वाढला, विद्यार्थी-शिक्षकांना चिंतनाची रोजनिशीही लिहायला लावतात. पण पदवी हाती आली की ती रोजनिशी माळ्यावर जाते. नोकरीच्या पुढच्या तीस वर्षांत तिची आठवण करून देणारा एकही माणूस भेटत नाही.

आपल्याकडे ही परंपरा नव्हती असे नाही. उलट, आपल्याकडे ती फार समृद्ध होती.

गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू झाले. ‘दिवास्वप्न’ हे त्यांचे पुस्तक तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचले असेल. एका सरकारी शाळेतला चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेणाऱ्या शिक्षकाने प्रथमपुरुषी सांगितलेली ती कथा आहे. कथा कल्पित आहे, पण तिची बांधणी वर्गाच्या रोजनिशीसारखी आहे. तिची सुरुवात कशी होते ते आठवा. शिक्षक मोठ्या उमेदीने वर्गात जातो, शांततेचा खेळ घेतो आणि तो खेळ साफ फसतो. दारे-खिडक्या बंद करून, अंधार करून शांतता ऐकायला सांगावी, तर मुले कसकसले आवाज काढू लागतात. शेवटी त्याला मुलांना घरी सोडावे लागते. एवढा मोठा शिक्षणकार आपल्या नायकाचा पहिला दिवस असा का लिहितो? कारण फसलेला तास जसाच्या तसा मांडल्याशिवाय दुसऱ्या दिवशीच्या गोष्टीला अर्थ येत नाही. दुसऱ्या दिवशी तो शिक्षक गोष्ट सांगायला बसतो आणि वर्ग त्याच्याभोवती गोळा होतो. कालच्या अपयशाचा नीट विचार केला म्हणून आज गोष्ट सुचली. आपल्या ‘यशोगाथा’ वाचताना मला हीच उणीव सतत जाणवते. त्यांत पहिला दिवस नसतो.

ताराबाई मोडक गिजुभाईंबरोबर काम करायला भावनगरला गेल्या, त्याआधी त्या राजकोटच्या बार्टन फिमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. प्रतिष्ठेची जागा सोडून त्या बालमंदिरात आल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक निघाले. पुढे तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली. वर्गात आणि घरात मुलांबाबत जे दिसले ते लिहायचे आणि दुसऱ्या गावच्या शिक्षकापर्यंत, पालकापर्यंत पोचवायचे, हे ते काम होते. त्या काळी टपालाने जाणाऱ्या अंकावर हे चालत होते. आज निरोप क्षणात पोचतो, पण पोचवण्यासारखे लिहिलेले फार थोडे असते.

१९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण शिक्षकाच्या चिंतनातून काय निघू शकते याचे याहून मोठे उदाहरण महाराष्ट्रात मला माहीत नाही. बालवाडी सुरू झाली, पण वस्तीवरची गरीब मुले तिकडे येईनात. असे झाले की आपण काय लिहितो? ‘पालकांची उदासीनता.’ हे दोन शब्द आपल्या अहवालांत किती ठिकाणी आहेत, ते तुम्हाला माहीत आहे. त्या दोघींनी ते दोन शब्द लिहून विषय मिटवला नाही. मुले येत नाहीत तर या वेळी ती असतात कुठे, असे त्यांनी विचारले. ती घराच्या अंगणात होती. मग बालवाडीच अंगणात गेली. अंगणवाडी तिथे जन्मली. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हे नाव भारतभर गेले. आज गावोगावी ते सरकारी पाटीवर दिसते. त्याच्या मुळाशी दोन शिक्षिकांनी बदललेला एक प्रश्न आहे.

पुढे १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेले. वारली पाड्यांवरची मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात भरली, तिला कुरणशाळा म्हणत. मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी राहिली. गुरे आणि धाकटी भावंडे या दोन गोष्टी गैरहजेरीची कारणे म्हणून हजेरीपटावर आजही सापडतील. अनुताईंनी त्यांना कारण मानून सोडून दिले नाही, त्यांच्याभोवती शाळेचीच रचना बदलली. अनुताईंचे ‘कोसबादच्या टेकडीवरून’ तरुण शिक्षकांनी पुन्हा वाचावे, आणि प्रेरणा घेण्याआधी, एक बाई अडचणीकडे कसे बघते, ते पाहण्यासाठी वाचावे. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले. शाळेचा अनुभव लिहून काढण्याचे व्रत त्यांनीही शेवटपर्यंत सोडले नाही. शिक्षकाने स्वतःच्या वर्गाबद्दल मराठीत केलेले लेखन ज्याला एकत्र वाचायचे असेल, त्याने या दोन नावांपासून सुरुवात करावी.

महाराष्ट्राबाहेरची दोन नावे घेतो, कारण त्यांनी जे केले ते कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत करता येण्यासारखे आहे. न्यूझीलंडच्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर माओरी मुलांच्या बालवर्गाला शिकवत. इंग्रजी वाचनपाठातली चकचकीत घरे आणि गोरी कुटुंबे त्या मुलांच्या आयुष्यात नव्हती. म्हणून त्या रोज प्रत्येक मुलाला विचारत, तुला आज कोणता शब्द हवा? मूल सांगे तो शब्द जाड कागदाच्या पट्टीवर लिहून त्याच्या हातात देत. मुले भुताचा शब्द मागत, आईचा मागत, भीतीचे आणि मायेचे शब्द मागत. दुसऱ्या दिवशी जो शब्द मुलाला ओळखता आला नाही, ती पट्टी बाद. तो शब्द मुलाचा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. मुलाची परीक्षा घेण्याऐवजी त्यांनी शब्दाची परीक्षा घेतली. त्यांचे ‘टीचर’ हे पुस्तक १९६३ मध्ये आले. वर्गात बसून केलेले निरीक्षण जगभर पोचले ते त्यांनी लिहून ठेवले म्हणून.

दुसऱ्या विव्हियन पेली. शिकागोच्या ज्या प्रायोगिक शाळेची स्थापना ड्युईंनी १८९६ मध्ये केली, त्या शाळेत त्या बालवर्ग घेत. त्यांनी वर्गात टेपरेकॉर्डर ठेवला आणि मुलांची बोलणी रोज स्वतः उतरवून काढली. ऐकताना त्यांना स्वतःचाच आवाज खटकू लागला. मुलाचे म्हणणे पुरे होण्याआधी त्या मध्ये बोलत होत्या, आपल्या मनातल्या उत्तराकडे त्याला वळवत होत्या. वर्गात उभे असताना हे कळत नाही. लिहून काढताना कळते, कारण लिहिण्याचा वेग बोलण्यापेक्षा कमी असतो आणि त्या संथपणात आपले मध्ये पडणे दिसते. आज टेपरेकॉर्डर प्रत्येकाच्या खिशात आहे. आठवड्यातून दहा मिनिटांचा संवाद ऐकून कागदावर उतरवला, तर एखाद्या महागड्या प्रशिक्षणात मिळणार नाही इतके हाती लागेल.

आता अवघड भागाकडे येतो. एवढे जर उपयोगाचे आहे, तर आपल्याकडे ते का रुजले नाही? शिक्षक आळशी आहेत, हे उत्तर मी मानत नाही. माझे उत्तर असे आहे की आपण जेव्हा जेव्हा शिक्षकाला निरीक्षण लिहायला सांगितले, तेव्हा तेव्हा त्याच श्वासात ते तपासायचेही ठरवले.

शिक्षण हक्क कायदा आला आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. कल्पना उत्तम होती. आकारिक मूल्यमापनाच्या साधनतंत्रांत पहिलेच साधन होते दैनंदिन निरीक्षण. मूल शिकताना बघा आणि वर्णनात्मक नोंद करा. वर मी सांगितलेली गठ्ठ्याची नोंद नेमकी तीच. पण प्रत्यक्षात काय झाले ते आपण सगळे जाणतो. नोंदींचा नमुना ठरला, रकाने ठरले, तपासणीला येणारा अधिकारी रकाने भरलेत का ते पाहू लागला. चाळीस मुले, इतके विषय, दोन सत्रे. मग तयार नोंदींच्या याद्या निघाल्या आणि फिरू लागल्या. ‘गटात आनंदाने काम करतो.’ ‘लक्षपूर्वक ऐकतो.’ ‘स्वतःचे मत मांडतो.’ या नोंदी कोणत्याही मुलाच्या नावापुढे चालतात, म्हणून त्या कोणाच्याच नसतात. त्यासाठी शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. पण जी नोंद वाचून कुणीही प्रश्न विचारणार नाही, फक्त ती आहे की नाही एवढेच बघणार आहे, ती नोंद माणूस मनापासून का लिहील?

याहून वाईट परिणाम आणखी एक आहे. तपासल्या जाणाऱ्या वहीत कुणी अडचण लिहीत नाही. ‘आज माझा तास फसला’ हे वाक्य वरिष्ठांच्या सहीसाठी जाणाऱ्या वहीत लिहायला फार मोठे धैर्य लागते आणि ते धैर्य रोज मागणे अन्यायाचे आहे. म्हणून चिंतनाच्या वहीबाबत माझा पहिला आग्रह असा की ती वही कोणत्याही अधिकाऱ्याने मागू नये. तिच्यावर सही नको, शेरा नको, गुण नकोत. गोपनीय अहवालात तिचा उल्लेखही नको. शिक्षकाने कुणाला वाचायला द्यायची ते त्याचे त्याने ठरवावे.

पण मग ती वही खासगी डायरी होऊन राहणार का? तसे झाले तरी काही वाया गेले नाही. तरी एकट्याच्या वहीला एक मर्यादा पडते. माणूस स्वतःशी लिहिताना स्वतःचीच समजूत काढतो. ‘वर्गात फार गोंधळ होता’ असे मी चार आठवडे लिहीन आणि मला त्यात काही वावगे वाटणार नाही. वाचणारा सहकारी विचारेल, गोंधळ म्हणजे काय? कोण बोलत होते, काय बोलत होते? आणि मग कदाचित लक्षात येईल की मुले गणिताबद्दलच बोलत होती. वाचणाऱ्याने सल्ला देऊ नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ. ‘असे करून बघा’ म्हटले की समोरचा माणूस मिटतो. ‘मग तिने काय केले?’ असे विचारले की तो पुन्हा वर्गात जाऊन बघतो. सुरुवातीला सांगितलेल्या बाईंच्या वहीत गुरुजींनी पेन्सिलीने प्रश्नच लिहिले, उत्तरे लिहिली नाहीत, यात मोठा शहाणपणा होता.

ही गोष्ट सबंध शिक्षणव्यवस्थेच्या पातळीवर कशी चालते, ते बघायचे असेल तर जपानकडे पाहावे लागते. तिथल्या प्राथमिक शाळांत शिक्षकांचे गट मिळून एखाद्या पाठाचा अभ्यास करतात. ‘जुग्यो केंक्यू’ म्हणतात त्याला. पाठ सगळ्यांनी मिळून आखायचा, एकाने वर्गात घ्यायचा, बाकीच्यांनी वर्गात फिरून बघायचे. बघायचे ते शिक्षकाला नव्हे, मुलांना. कोणते मूल काय म्हणाले, वहीत काय खोडले, कुठे थांबले, हे टिपायचे. मग बसून बोलायचे, पाठ दुरुस्त करायचा, बहुधा दुसऱ्या वर्गावर पुन्हा घ्यायचा आणि शेवटी लिहून काढायचे. १९९९ मध्ये स्टिगलर आणि हीबर्ट यांच्या ‘द टीचिंग गॅप’ या पुस्तकामुळे बाहेरच्या जगाचे तिकडे लक्ष गेले.

त्या बैठकांत चर्चा किती बारीक होते बघा. वजाबाकीच्या पहिल्या तासाला कोणते अंक घ्यायचे, यावर शिक्षक वाद घालत बसतात. वायफळ वाटेल, पण नाही. १३ वजा ९ दिले, तर मूल दहाच्या गठ्ठ्यातून नऊ काढायला प्रवृत्त होते. एक उरतो, त्यात सुटे तीन मिळवले की चार. १२ वजा ३ दिले, तर मूल आधी सुटे दोन काढते आणि मग दहातून एक, उरतात नऊ. अंक बदलला की मुलाचा विचार वेगळ्या वाटेने जातो. आपल्या मुलीने ४२ वजा १७ ला जो नियम लावला, त्याला पर्याय तिला आधीच मिळाला असता, जर तिच्या पहिल्या गणिताचे अंक कुणी विचारपूर्वक निवडले असते. ही गोष्ट प्रशिक्षणाच्या स्लाइडवर वाचून अंगी मुरत नाही. चार शिक्षकांनी एकत्र बसून मुलांच्या पाट्या समोर ठेवल्या तर मुरते.

आपल्याकडे अशी बैठक नाही का? आहे. दर महिन्याला केंद्रस्तरावर शिक्षण परिषद होते. सगळ्या शाळांचे शिक्षक एका दिवशी एका ठिकाणी येतात. जगातल्या अनेक देशांतल्या शिक्षकांना एवढी सोयही नाही. त्या दिवसाचे आपण काय करतो? परिपत्रके वाचली जातात, माहिती कधी भरायची त्याच्या तारखा सांगितल्या जातात, एखादे सादरीकरण होते, चहा होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. ते तास पडद्यासमोर बसून, पुढचे बटण दाबत, प्रमाणपत्रासाठी भरले जात आहेत. त्यातले थोडे तास तरी आपल्याच केंद्रातल्या माणसांच्या वह्या वाचण्यात गेले, तर धोरणाचा हेतू साधेल.

शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांबद्दल दोन शब्द बोलतो. ते गट मी वाईट मानत नाही. दुर्गम भागातल्या द्विशिक्षकी शाळेत काम करणाऱ्याला तिथे साहित्य मिळते, सोबत मिळते. पण तिथे उपक्रमाचा फोटो जातो आणि टाळ्यांची चित्रे येतात. फोटोत मुले रांगेत बसलेली दिसतात, ती काय विचार करत होती ते दिसत नाही. शिवाय मुलांचे चेहरे आणि नावे अशी फिरवणे योग्य नाही. ते मूल उद्या मोठे होणार आहे. कुणाच्या ‘कच्चेपणाची’ कहाणी त्याच्या फोटोसकट गटावर टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही. म्हणून दुसरा आग्रह असा की लिहिताना मुलाचे नाव बदला, गाव काढून टाका. विचाराला त्याने काही बाधा येत नाही.

वेळ नाही, ही तक्रार खरी आहे. अशैक्षणिक कामांचा बोजा कमी व्हायलाच हवा आणि तो कमी करण्याची जबाबदारी शासनाची आहे. चिंतनाचा आग्रह धरताना ती जबाबदारी शिक्षकाच्या खांद्यावर ढकलणे मला मान्य नाही. पण मी रोज दोन पाने मागत नाही. आठवड्यातून एक मूल निवडा, एक प्रसंग निवडा, अर्धे पान लिहा. काय दिसले ते आधी. मला काय वाटले ते नंतर. आणि शेवटी एक प्रश्न, ज्याचे उत्तर आज माझ्याकडे नाही. ‘आम्हाला लिहिता येत नाही’ असेही अनेकजण म्हणतात. त्यांना मी सांगतो की साहित्य लिहायचे नाही. मुलगी काय म्हणाली ते तिच्याच बोलीत जसेच्या तसे उतरवा. तुमच्या वर्गातली मुले वारली बोलत असतील, कोरकू बोलत असतील, अहिराणी, मालवणी, झाडी बोलत असतील, तर ते शब्द प्रमाणभाषेत दुरुस्त करू नका. मूल कुठल्या शब्दावर अडले आणि कुठल्या शब्दावर मोकळे झाले, हे त्यातूनच कळते.

समोर मुख्याध्यापक आहेत, केंद्रप्रमुख आहेत, डायटचे अधिव्याख्याते आहेत. तुमच्याकडे एक मागणे घेऊन मी आलो आहे. पुढच्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत एक तास बाजूला काढा. त्या तासाला परिपत्रक वाचू नका. चार-चार शिक्षकांचे गट करा, प्रत्येकाने आपले अर्धे पान मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारावेत. तुम्हीही एका गटात बसा, तुमचेही अर्धे पान आणा. तास संपला की ती पाने ज्याची त्याच्याकडे राहू द्या. गोळा करू नका, फोटो काढू नका, अहवाल पाठवू नका. तालुक्याने विचारले तर एवढेच कळवा की तास झाला.